लँकेशायरचा विणकर

लँकेशायर हे नाव आपल्याकडे चांगल्या अर्थाने क्वचितच घेतले गेले. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा विलायती कापड म्हणजे मुख्यतः लँकेशायरचे कापड, हे सर्वांना ठाऊक होते. पण ज्या गिरण्यांनी आमच्या साळ्या-कोष्ट्यांच्या तोंडचा घास काढला, त्यांनी घरच्या विणकराचाही घास काढला होता, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही.

यंत्रमाग आला आणि हातमाग मेला, असे आपण शाळेत शिकलो. तारखा जुळवून पाहू लागलो की हा हिशेब जमत नाही. प्रथम यंत्र आले ते विणाईत नव्हे, तर कताईत. १७३३ साली जॉन के याने धावता धोटा काढल्यावर मागाचा वेग वाढला आणि सूत पुरेना. पुढे हारग्रीव्हजची जेनी, १७६९ सालचे आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र आणि १७७९ सालचे क्रॉम्प्टनचे म्यूल यांनी सुताचा नुसता पूर आणला. आता सूत उदंड, पण विणणारे हात मिळेनात! विणकराचे दिवस पालटले. बोल्टनचे मलमल विणणारे टोपीला पाच पौंडांची नोट खोचून मिरवत, असे सांगतात. गोष्ट थोडी फुगवलेली असेल, पण ती सांगावीशी वाटली यातच काय ते आले.

कार्टराइट नावाच्या एका धर्मोपदेशकाने यंत्रमागाचे पेटंट घेतले १७८५ साली. तरी १८१३ साली साऱ्या ब्रिटनमध्ये यंत्रमाग होते अवघे २,४०० च्या आसपास, आणि हातमागवाले दोन लाखांच्या घरात. म्हणजे सामना अजून सुरूही झाला नव्हता. आणि तरीही मजुरी तोवर बरीच घसरली होती. बोल्टनचा जो विणकर १८०० च्या सुमारास आठवड्याला २५ शिलिंग मिळवी, त्याला १८३० मध्ये जेमतेम साडेपाच मिळत.

मग हे झाले कसे? साधे कापड विणणे थोड्या दिवसांत येई. म्हणून आयर्लंडचा भुकेला शेतमजूर, १८१५ नंतर फौजेतून सुटलेला शिपाई, घरची बायकापोरे, सारेच मागावर बसले. व्यापारी सूत देई आणि ताग्यामागे ठरेल ती मजुरी देई. एकाने दर उतरवला की शेजाऱ्यालाही उतरवावा लागे, आणि दर उतरला की विणकर पोट भरण्यासाठी आणखी दोन तास विणी. त्याने माल वाढून दर पुन्हा उतरे. एकजूट करावी, तर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी ती गुन्हा ठरवलेली. किमान मजुरीचे विधेयक पार्लमेंटने १८०८ साली फेटाळले. न्यायाधीशांना मजुरी ठरवून देण्याचा अधिकार देणारा एलिझाबेथ राणीच्या काळचा जुना कायदा होता. विणकर त्याचा आधार मागू लागले, तेव्हा १८१३ साली तेवढी कलमेच रद्द झाली. आमच्या मते खरा घाव हा.

यंत्रमाग त्यानंतर झपाट्याने वाढले. १८३३ पर्यंत ते लाखावर गेले. पण गिरणीवाल्याला हातमाग लगेच संपावा असे वाटत नव्हते. मागणी वाढली की घरोघर सूत द्यावे, मंदी आली की द्यायचे थांबवावे. स्वतःचे यंत्रमाग मात्र अखंड चालू. बंद हातमागाचा खर्च त्याच्या वहीत कुठेच चढत नसे. १८२६ साली पूर्व लँकेशायरमध्ये लोकांनी हजाराहून अधिक यंत्रमाग फोडले, आणि चॅटर्टनला लष्कराने गोळ्या घातल्या.

विणकरांच्या बाजूने पार्लमेंटात भांडणारा जॉन फील्डन हा स्वतः टॉडमॉर्डनचा मोठा गिरणीमालक होता, हे विशेष. १८३५ साली किमान मजुरीचे विधेयक त्याच्या पाठिंब्यानिशीही पडले. पुढे १८४७ साली त्यानेच पुढे रेटलेला दहा तासांचा कायदा मंजूर झाला. तो बायका आणि कोवळ्या पोरांसाठी होता, आणि तोही गिरण्यांपुरता. घरच्या मागापाशी कांड्या भरत बसलेल्या पोराला त्याचा काही उपयोग नव्हता. त्या घरात तपासनीस येतच नव्हता.