वीस ग्रॅमचा प्रश्न

श्वासाचा हिशेब : भाग ६

टोलनाक्यावर गाडी थांबली की आपण काच वर करतो. नाक्यालगतच्या घरात सातवा महिना लागलेली बाई असेल, तर तिला वर करायला काच नसते.

पण तिचं बाळ कमी वजनाचं जन्मलं, तर दोष धुराचाच हे कशावरून? रस्त्याकडेची वस्ती बहुधा बेताच्या कमाईची. पोटभर खाणं नाही, तपासण्या वेळेवर नाहीत, कामाची दगदग असतेच. यातून धूर वेगळा काढायचा कसा? गरोदर बायकांना मुद्दाम धुरात ठेवून पाहणं तर माणुसकीत बसत नाही.

अमेरिकेत ही गाठ टोलवसुलीच्या यंत्राने सोडवली. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात ई-झेडपास आला, म्हणजे आपल्याकडे पुढे फास्टॅग आला तोच प्रकार. नाक्यावरच्या रांगा ओसरल्या, धूरही. जॅनेट करी आणि रीड वॉकर या अर्थतज्ज्ञांनी जन्मनोंदी काढल्या आणि नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांची तुलना महामार्गालगतच, पण नाक्यापासून लांब राहणाऱ्या आयांशी केली. जवळच्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. हा अभ्यास २०११ चा. यंत्र बसवणाऱ्यांच्या मनात बाळं नव्हतीच, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

दुसरी संधी बीजिंगने दिली. २००८ च्या ऑलिंपिकसाठी सरकारने कारखाने बंद ठेवले, सम-विषम क्रमांकांनुसार गाड्या रस्त्यावर सोडल्या. संशोधकांनी ८३,००० हून अधिक जन्मनोंदी तपासल्या. ज्यांचा आठवा महिना त्या स्वच्छ दिवसांत गेला, त्यांची बाळं आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमनी जास्त भरली.

तेवीस ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे साखर! एका बाळाकडे पाहून हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ही सरासरी आहे. काट्यावर अडीच किलोच्या आत भरलेलं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि त्या रेषेच्या आसपास शहरातली कितीतरी बाळं असतात.

धूर पोटापर्यंत पोचतो कसा? पूर्वी समज होता, की त्रास आईच्या फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना होतो, वारेला रक्त कमी मिळतं आणि बाळाची वाढ खुंटते. ते खरंच आहे. पण २०१९ साली बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठात वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा काजळीचे कण बाळाकडच्या बाजूलाही सापडले. वार सगळं गाळून घेते, हा भरवसा तिथे संपला.

धूर घरातल्या चुलीचाही असतो. मग चुलीऐवजी गॅस दिला की झालं? तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायकांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना शेगडी आणि सिलिंडर फुकट, बाकीच्या चुलीवरच. चुलीवाल्या बायकांच्या श्वासात सूक्ष्म कण घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, गॅसवाल्यांच्या सुमारे २४. २०२२ साली निकाल लागला : बाळांच्या वजनात फरक सुमारे २० ग्रॅम, आणि तो निव्वळ योगायोगही असू शकेल इतका पुसट.

बीजिंगचे २३ ग्रॅम ग्राह्य आणि हे २० नाहीत, हे विचित्र वाटेल. पण तिथे नोंदी ऐंशी हजारांवर होत्या, इथे बायका तीन हजार. इतका लहान फरक ठरवायला तीन हजार पुरत नाहीत. शिवाय शेगडी घरात आली तेव्हा बऱ्याच जणींचे चार महिने उलटले होते. आणि २४ हा आकडा तरी कुठे स्वच्छ? जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे. घरातली चूल विझली तरी शेजारची पेटलेली असते, अंगणात कचरा जळत असतो. तेव्हा या निकालावरून गॅस निरुपयोगी ठरवणं मला पटत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईची खोकल्यातून सुटका व्हावी, यासाठी बाळाच्या वजनाचा दाखला लागतच नाही.

पुढच्या भागात : पहिल्या वर्षातली फुप्फुसं.