शाहीर अमर शेख

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा राजे, सेनापति व पंडित यांजकडे जाते. परंतु ज्याजवळ द्रव्य नाहीं, अधिकार नाहीं, केवळ कंठ आहे, असा मनुष्यही समाजाची केवढी सेवा करूं शकतो, हें शाहीर अमर शेख यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

त्यांचें मूळ नांव मेहबूब हुसेन. ता. २० ऑक्टोबर १९१६ रोजीं बार्शी येथें एका गरीब मुसलमान कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. दौंडाहून सोलापुराकडे जाणाऱ्या आगगाडीनें कुर्डुवाडीस उतरलें कीं बार्शी फार दूर नाहीं. गरिबीमुळें त्यांनीं मोटारगाडीवर क्लीनरचें व पुढें गिरणींत मजुराचें काम केलें. संपाचें पुढारीपण केल्यामुळें त्यांस तुरुंगवासही घडला. कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेंत असतांना त्यांस 'अमर शेख' हें नांव मिळालें व तेंच कायम झालें.

इ. स. १९४४ मध्यें अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं 'लाल बावटा कलापथक' काढलें. शिरूरकडील यात्रांत ज्यांनीं तमाशा पाहिला आहे, त्यांस डफ, तुणतुणें व झिलकरी हीं परिचित आहेत. मुख्य शाहीर कडवें म्हणतो, मागील झिलकरी ध्रुपद उचलून धरतात. तेवढ्यांत शाहिराचा दम परत येतो आणि श्रोत्यांस ध्रुपद पाठ होतें. हीच जुनी रीत या तिघांनीं कामकऱ्यांचीं दुःखें सांगण्यास वापरली.

रशियांत मायकोव्हस्की (१८९३–१९३०) हा कवि भरसभेंत आपल्या कविता खड्या आवाजांत म्हणून दाखवी. आचार्य अत्रे यांनीं अमर शेखांस 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटलें, त्याचें मर्म यावरून कळेल. गोवामुक्ति व संयुक्त महाराष्ट्र या चळवळींत त्यांच्या पहाडी आवाजानें मैदानें दुमदुमलीं. 'कलश' (१९५८) व 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह होत.

ते साम्यवादी होते. १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें, तेव्हां त्या पक्षांत मोठे मतभेद माजले. अमर शेख मात्र डगमगले नाहींत. गांवोगांव गात हिंडून त्यांनीं देशरक्षणासाठीं निधि जमविला. पक्षाहून देश मोठा मानण्यास धैर्य लागतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

१९६९ हें वर्ष महाराष्ट्रास कठीण गेलें. ता. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि २९ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यांत, इंदापुराजवळ, मोटार अपघातांत अमर शेखांचा अंत झाला. अवघ्या अडीच महिन्यांत तीन मोठे आवाज थांबले.

शाहिराची विद्या कागदावर अर्धीच उतरते; उरलेली अर्धी ऐकणाऱ्यांच्या स्मरणांत राहते. म्हणून ज्या घरीं त्या काळच्या सभा ऐकलेलीं वडीलधारी माणसें आहेत, तेथील मुलांनीं त्यांजजवळ बसून हा आवाज कसा होता, तें अवश्य विचारावें, अशी आमची विनंति आहे.