शेवटच्या पत्त्यावर आधी बोलताना

बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये साडी घेताना तुम्ही आधीच "दोन हजारांपर्यंत दाखवा" म्हणालात, की तुमची मर्यादा दुकानदाराला कळते. पुढचा भाव तो ती धरूनच सांगतो. पोकरमध्ये आधी बोलणाऱ्या खेळाडूची अडचण अशीच असते. अपुऱ्या माहितीत निर्णय कसा घ्यावा, हे समजून घेण्यासाठी हा खेळ उपयोगी पडतो. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरचे विश्लेषण केले आहे.

टेक्सस होल्डेम या प्रकारात टेबलावरच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या पत्त्याला 'रिव्हर' म्हणतात. यानंतर तुमचा हात सुधारत नाही. तुम्हाला आधी बोलायचे आहे: पैज लावायची, की 'चेक' म्हणून थांबायचे?

नेहमीची चूक

"माझा हात बहुधा वरचढ आहे, म्हणून पैज लावतो." हा विचार अपुरा आहे. खरा प्रश्न असा: पैज स्वीकारून जो 'कॉल' करील, त्याच्यापुढे माझा हात वरचढ ठरेल का?

उदाहरण

समजा, पॉटमध्ये १०० गुण आहेत आणि पैज ५० गुणांची आहे. प्रतिस्पर्ध्याकडे दहा सारखेच संभाव्य हात आहेत: ६ तुमच्यापेक्षा कमकुवत, ४ बलवान. बलवान हात नेहमी कॉल करतात, आणि तुम्ही चेक केल्यास स्वतः पैज लावतात. पैज कोणीही वाढवत नाही.

पहिला प्रतिस्पर्धी कमकुवत हातांपैकी फक्त २ घेऊन कॉल करतो. पण तुम्ही चेक केल्यास ३ घेऊन खोटी पैज (ब्लफ) लावतो. तुमची सरासरी मिळकत:

- पैज: (४×१०० + २×१५० − ४×५०) ÷ १० = ५०
- चेक करून कॉल: (३×१०० + ३×१५० − ४×५०) ÷ १० = ५५
- चेक करून पत्ते टाकणे: (३×१००) ÷ १० = ३०

म्हणजे दहापैकी सहा वेळा तुम्ही पुढे असूनही इथे चेक करून कॉल करणे चांगले.

दुसरा प्रतिस्पर्धी कधीच ब्लफ करत नाही, पण ५ कमकुवत हात घेऊनही कॉल करतो. आता पैजेतून ६५, चेक करून पत्ते टाकल्यास ६० आणि चेक करून कॉल केल्यास ४० मिळतात. इथे पैजच लावावी.

दोन्ही वेळा तुमचे पत्ते तेच होते; बदलली ती समोरच्याची सवय. म्हणून पैजेआधी दोन गोष्टींचा अंदाज घ्या: तो किती कमकुवत हातांनी कॉल करील, आणि तुम्ही थांबलात तर किती हातांनी ब्लफ करील.

स्वाध्याय

पहिला प्रतिस्पर्धी ३ ऐवजी १ च हात घेऊन ब्लफ करत असेल, तर काय करावे? (उत्तर: पैज ५०, चेक करून पत्ते टाकणे ५०, चेक करून कॉल ४५. पहिले दोन्ही सारखेच.)

सराव गुणांवरच करा. २०२५ च्या केंद्रीय कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.