पौषातली रिकामी कुंडी

मार्गशीर्ष सरत आला की बुलढाण्यात ओट्यावरच्या, गच्चीवरच्या काही कुंड्या ओस पडू लागतात. पावसाळाभर लाल-पांढऱ्या पानांनी मिरवणारं कॅलेडियम आडवं होतं. मे महिन्यात फुललेल्या फुटबॉल लिलीची रुंद पानं पिवळी पडून मातीला चिकटतात. हळदीचा वाफा वाळतो, अडेनियमचं नुसतं फुगीर खोड उरतं आणि चाफ्याच्या बोथट फांद्या उघड्या पडतात. मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी घाबरून रोज तांब्याभर पाणी घालू लागतं, नाहीतर झाड मेलं असं समजून कुंडी उकिरड्यावर उपडी करतं. पाणी मिळालेला कंद बहुतेक वेळा कुजतो. उकिरड्यावर गेलेला मात्र कितीदा तरी वाचतो आणि जूनच्या पावसानंतर त्या ढिगातूनच रंगीत पान वर काढतो.

जिवापाड जपलेलं मरावं आणि टाकून दिलेलं जगावं, हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर झाडाच्या आत चाललेलं काम पाहावं लागतं. कारण ती पिवळी पडणारी पानं म्हणजे हार नव्हे. झाड आवराआवर करत असतं. पानातलं हरितद्रव्य मोडलं जातं; त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग तेवढा दिसू लागतो. त्याच वेळी नत्र, स्फुरद असा मोलाचा माल पानातून काढून खोडात किंवा कंदात परत नेला जातो. पान गळण्याआधी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र असं माघारी घेतं. म्हणून अर्धवट पिवळं पान कात्रीने कापू नये, ते अजून रिकामं झालेलं नसतं. माल उतरवून झाला की देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर सुटतो, पान गळतं आणि मागची जखम बुचासारख्या थराने बंद होते. इतकी शिस्त मरणाऱ्याच्या अंगी नसते.

या कामात हात असलेलं एक रसायन सापडलं ते कपाशीच्या कोवळ्या बोंडात. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. खामगावच्या कापूस बाजारासाठी इंग्रजांनी 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला, इतकं कापसाचं आणि या मुलखाचं नातं जुनं आहे. पातेगळ आणि बोंडगळ या शब्दांनी इथल्या शेतकऱ्याची झोप उडते. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी हाच प्रश्न घेऊन बसले होते: बोंडं अकाली का गळतात? 1963 मध्ये त्यांनी कोवळ्या बोंडांतून एक पदार्थ वेगळा काढला. तिकडे वेल्समध्ये फिलिप वेअरिंग झाडांच्या कळ्या हिवाळ्यात का झोपतात ते शोधत होते, आणि त्यांना सिकॅमोर नावाच्या झाडाच्या पानांत एक पदार्थ मिळाला. 1965 मध्ये कळलं की दोघांच्या हाती लागलेला रेणू एकच आहे. त्याला आज ॲब्सिसिक आम्ल म्हणतात. पुढे तर आणखी नवल उघड झालं. मुळांना पाणी कमी पडलं की पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटवण्याचा निरोपही हाच रेणू देतो. तहान आणि झोप, दोन्हींचा निरोप्या एकच.

झोपलेल्या कळीच्या आत काय होतं हे तर अगदी अलीकडे स्पष्ट झालं. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. वाढीचे निरोप त्यांतून जातात. स्वीडनमधल्या उमेओ इथे ऋषिकेश भालेराव यांच्या गटाने ॲस्पेनच्या झाडांवर काम करून 2018 मध्ये दाखवलं की दिवस लहान झाले की ॲब्सिसिक आम्लाच्या सांगण्यावरून या वाटा बुजवल्या जातात. वाढ असं ओरडून सांगणारा निरोप आला तरी तो आत पोचतच नाही. हे वाचल्यापासून पौषातल्या बंद डोळ्याच्या फांदीकडे मला पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. आत सगळं जागेवर आहे. दारं तेवढी आतून लावलेली आहेत.

पण स्वीडनमध्ये बर्फ पडतं. बुलढाण्यात कुठलं बर्फ? इथल्या झाडांनी झोपावं तरी कशाला? याचं उत्तर ज्ञानगंगा अभयारण्यात किंवा लोणारच्या विवराच्या उतारावर आहे. तिथला साग हिवाळ्यात पानं टाकू लागतो ते थंडीच्या भीतीने नव्हे. पाऊस संपला, जमिनीतली ओल उतरणीला लागली आणि पुढे जूनपर्यंत काही मिळायचं नाही, ही त्याची तयारी आहे. त्याच रानात पावसाळ्यात वर येणारी कळलावी, रानहळद, मुसळी दिवाळीनंतर जमिनीवरून नाहीशा होतात आणि उरलेलं वर्ष मातीखाली काढतात. कळलावी तर दर वर्षी नवा कंद करते आणि जुना सोडून देते. आपल्या कुंडीतलं कॅलेडियम दक्षिण अमेरिकेतलं, फुटबॉल लिली आफ्रिकेतली, अडेनियम आफ्रिका-अरबस्तानातलं. तिघांनाही ओला आणि कोरडा असे दोन ऋतू ठाऊक आहेत. म्हणजे आपल्याकडची ही झोप मुळात कोरड्या दिवसांची झोप आहे, आणि कोरड्या दिवसांसाठी निजलेल्याला पाणी पाजलं तर ते त्याला बाधतंच. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढून वर नेणारं कुणी नाही. आपण कुंडीत भरतो ती बहुधा शेतातली काळी माती, ती पाणी आठवडाभर धरून ठेवते. कंदालाही श्वास लागतो. चिखलात हवा उरत नाही आणि बुरशीचं फावतं.

हे ज्ञान जिल्ह्यात नवं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागातले संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. ताण देतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त. झाडं मलूल होतात, पानं पिवळसर पडतात, काही गळतात आणि झाड वाढ थांबवून साठा करतं. मग मशागत, खत आणि ताण तोडणारं पाणी. जानेवारी-फेब्रुवारीत साऱ्या बागेला एकदम फुलं येतात. परसातला मोगराही हेच मागतो. डिसेंबरात त्याचं पाणी कमी करावं, जानेवारीच्या शेवटी छाटणी करून शेणखत द्यावं आणि मग भरपूर पाणी सुरू करावं. बाराही महिने सारखं पाणी पिणारा मोगरा पानांनी भरतो आणि कळ्यांना हात आखडता घेतो.

सगळ्या झोपा मात्र एका जातीच्या नसतात. 1987 मध्ये ग्रेगरी लँग आणि सहकाऱ्यांनी त्यांची तीन प्रकारांत मांडणी केली, ती घरच्या कुंड्यांनाही चपखल बसते. तुळशीचा शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात. ते निजले होते शेंड्याच्या धाकाने. मनी प्लांट हिवाळ्यात नवं पान काढत नाही, पण उबेच्या, उजेडाच्या जागी नेला तर पुन्हा चालू लागतो. त्याला बाहेरच्या गारव्याने थोपवलेलं असतं. फुटबॉल लिलीची झोप या दोन्हींहून खोल. तिला डिसेंबरात ऊब द्या, पाणी द्या, ती उठणार नाही. तिचं थांबणं तिच्या आतून ठरलेलं आहे. म्हणून मनी प्लांट आणि स्नेक प्लांटला वरची दोन बोटं माती सुकली की थोडं पाणी चालतं. पानं पूर्ण गेलेल्या कंदांचं पाणी मात्र जवळजवळ बंदच करावं. कुंडी आडोशाला, कोरड्यात ठेवावी. कॅलेडियमचे कंद थंडी सोसत नाहीत. पंधरा अंशांच्या खाली ते खराब होऊ लागतात, आणि आपल्याकडच्या रात्री त्याहून बऱ्याच खाली उतरतात. ते काढून, माती झटकून, सुकवून, कोरड्या वाळूत किंवा भुशात घालून घरात ठेवलेले बरे. खत या दिवसांत कुणालाच नको.

झोपलंय की मेलंय याची शंका असेल तर चाफ्याची साल नखाने किंचित खरवडून पाहा, खाली हिरवी ओल दिसली की निश्चिंत व्हा. अडेनियमचं खोड दाबा. थोडं सुरकुतलेलं पण घट्ट असेल तर ठीक, पिचपिचीत लागलं तर कुजलं. कंदालाही हीच कसोटी. तुळशीची गोष्ट निराळी. ती निजत नाही, बी धरून थकते. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तोवर ती मंजिऱ्यांनी भरलेली असते. थोड्या बियांसाठी ठेवून बाकीच्या खुडल्या आणि थंडीच्या रात्री तिला भिंतीच्या उबेला सरकवलं तर ती बऱ्यापैकी तग धरते.

आणि झोप म्हणजे हिवाळाच, असंही नाही. हौशी लोक हल्ली दगडासारखं दिसणारं लिथॉप्स आणतात. दक्षिण आफ्रिकेतलं हे झाड भर उन्हाळ्यात विसावा घेतं आणि हवा उतरली की वाढतं. मलकापूर-नांदुऱ्याच्या वैशाखात त्याला पाणी घालणं म्हणजे कॅलेडियमला पौषात घालण्यासारखंच. कुंडीवरचं नाव वाचून ते झाड मुळात कुठल्या पावसाचं आहे एवढं शोधलं तरी निम्मी काळजी मिटते.

जागं करण्याची घाई तेवढी करू नये. राजूर घाट उतरला की उंची चारशे मीटरच्या आसपास कमी होते आणि खाली ऊब लवकर येते. त्यामुळे घाटाखालच्या पाहुण्यांकडे कोंब दिसला म्हणून घाटावरच्या कुंडीत पाणी ओतायचं कारण नाही. फाल्गुन-चैत्रात अडेनियमच्या टोकांशी हिरवे ठिपके दिसू लागले की आठवड्यातून एकदा थोडं पाणी, पानं उघडली की त्याहून जास्त, आणि दोन-चार पानं पुरती उलगडल्यावरच खत. कॅलेडियमचे कंद उन्हाळा चांगला तापल्यावर, एप्रिल-मेमध्ये, वाळू आणि शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत डोळे वर करून लावावेत. फुटबॉल लिलीला हलवूच नये. तिला जुनी, दाटीची कुंडीच मानवते, आणि ती पानांची वाट न पाहता मातीतून सरळ फुलाचा दांडाच वर काढते.