हळदीतले कुरकुमीन रक्तापर्यंत किती पोहोचते?

हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमीन पोटात गेल्यावर रक्तात किती उतरते, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत आतड्याच्या निरनिराळ्या प्रतिकृती वापरतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतसाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठीही वसमतचीच निवड झाली. हळकुंडाचा रंग, जाडी आणि ओलावा पाहणारा खरेदीदार आता कुरकुमीनची टक्केवारीही विचारतो. वाण, जमीन आणि शिजवणीप्रमाणे ती साधारण २ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. पण हळकुंडात ५ टक्के कुरकुमीन आहे, एवढ्यावरून खाणाऱ्याच्या रक्तात किती जाईल हे मुळीच कळत नाही.

तोंडाने घेतलेल्या कोणत्याही औषधाला रक्तात पोहोचण्याआधी विरघळावे लागते, आतड्यातल्या द्रवात टिकावे लागते, आतड्याची भिंत ओलांडावी लागते आणि यकृतातून सहीसलामत बाहेर पडावे लागते. कुरकुमीन यातल्या प्रत्येक टप्प्यावर अडखळते.

पहिले दोन टप्पे काचपात्रातच तपासता येतात. ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रवात औषध सावकाश ढवळायचे आणि ठरावीक वेळाने नमुना काढून मोजायचे, अशी ही रीत. हळद पाण्यात ढवळली तर तळाशी बसते, तेलात मात्र तिचा रंग लगेच उतरतो. स्वयंपाकघरात रोज दिसणारी ही गोष्ट कुरकुमीनचा स्वभाव नेमका सांगते. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय आतड्यातल्यासारख्या, म्हणजे ७.२ सामूच्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्यातले सुमारे ९० टक्के विघटित झाल्याचे आढळले आहे.

भिंत ओलांडण्याचा टप्पा अधिक अवघड. त्यासाठी १९५४ मध्ये विल्सन आणि वाइजमन यांनी उलटवलेल्या आतड्याची पद्धत मांडली. उंदराच्या लहान आतड्याचा काही सेंटिमीटरचा तुकडा थंड खारट द्रावणाने धुतात आणि सदऱ्याची बाही उलटावी तसा सळईवरून उलटा करतात. शोषण करणारे आतले अस्तर त्यामुळे बाहेर येते. एक टोक दोऱ्याने बांधायचे, आत थोडे द्रावण भरायचे, दुसरे टोक बांधायचे आणि ही इवलीशी पिशवी प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या कोमट द्रावणात टाकायची. औषध बाहेरच्या द्रावणात असते. जेवढे पिशवीच्या आत सापडेल, तेवढे भिंतीतून गेले. ऊती तास-दोन तासच तग धरते, म्हणून काम झपाट्याने उरकावे लागते.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत रवींद्रनाथ आणि चंद्रशेखर यांनी याच पद्धतीने कुरकुमीन तपासले. त्यांचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरच्या द्रावणातले ३० ते ८० टक्के कुरकुमीन नाहीसे झाले, पण पिशवीच्या आत ते सापडलेच नाही. नुसती बाहेरची घट मोजली असती तर शोषण उत्तम झाले, असा समज झाला असता. प्रत्यक्षात आतड्याची भिंतच वाटेत त्याचे रूप पालटत होती. आत आणि बाहेर, दोन्हीकडे मोजण्याची शिस्त किती मोलाची आहे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

आज सर्वाधिक वापर होतो तो काको-२ नावाच्या पेशींचा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून १९७० च्या दशकात मिळवलेल्या या मानवी पेशी सच्छिद्र पडद्यावर सुमारे तीन आठवडे वाढवल्या की त्यांचा सलग थर तयार होतो. त्याला लहान आतड्यासारखेच सूक्ष्म तंतू फुटतात. थर कुठे फाटलेला नाही ना, हे विद्युतरोध मोजून पाहतात. मग वरच्या कप्प्यात औषध घालून खालच्या कप्प्यात किती उतरले ते तपासतात. भारतातल्या संशोधकांना अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. या थरावर आतड्यातला चिकट श्लेष्मा नसतो, त्यामुळे काही ठिकाणी श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी सोबत वाढवतात.

काळ्या मिरीतल्या पाइपरिनचा कुरकुमीनवरचा परिणाम मात्र थेट माणसांत आणि उंदरांत तपासला गेला. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या शोबा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कुरकुमीनसोबत २० मिलिग्रॅम पाइपरिन दिले तर माणसात त्याची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. उंदरांत हीच वाढ १५४ टक्के होती. प्राण्यावरचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच. २,००० टक्के हा आकडा आज कितीतरी डब्यांवर झळकतो. मात्र नुसते कुरकुमीन दिल्यावर रक्तातली पातळी जेमतेम मोजता येईल इतकीच होती, हे तिथे छापलेले नसते. अगदी थोड्याचे वीसपट झाले तरी ते थोडेच राहते.

पाइपरिन केवळ कुरकुमीनलाच वाट करून देते असे नाही. आतड्यातल्या पेशी नको ते पदार्थ परत बाहेर ढकलतात. काको-२ थरावरच्या प्रयोगांत पाइपरिनने हे काम रोखले आणि हृदयरोगावरच्या डिगॉक्सिनची बाहेर जाण्याची वाट अडवली. भाजी-आमटीतल्या चिमूटभर मिरीची यात चिंता नाही. नियमित औषधे घेणाऱ्याने हळद-मिरीच्या अर्काची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

अमेरिकेत २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण तेथील यकृत-इजा नोंदणी जाळ्याने अभ्यासले. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये पाइपरिनही होते, आणि दहापैकी सात जणांत प्रतिकारशक्तीशी निगडित एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला. उलटवलेल्या आतड्यात किंवा काको-२ थरात असा धोका दिसणे शक्य नव्हते. तिथे यकृत नसते आणि प्रतिकारशक्तीही नसते.