पैशाच्या वाटा (भाग ७) : भरणा आणि वसुली

मागच्या भागात कार्ड घासल्यापासून दुकानदाराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचा प्रवास पाहिला. या वेळचा दुकानदार जरा वेगळा आहे. ऑनलाइन कॅसिनोत गिऱ्हाईक पैसे भरतं आणि बदल्यात पडद्यावर एक आकडा उमटतो. हे आपलेच पैसे, फक्त जागा बदलली, असं खेळणाऱ्याला वाटतं. हिशेबनीस मात्र त्याला खेळणाऱ्याचं कॅसिनोकडचं येणं म्हणेल, तेही बिनव्याजी आणि बिनतारण. म्हणजे ‘पैसे काढा’ हे बटण दाबणं ही उधारीची वसुली झाली. पैसे भरण्या-काढण्याच्या सगळ्या पद्धती याच नजरेने पाहाव्यात असं मला वाटतं.

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर हा प्रश्न फारसा येत नाही. चिप्स परत केल्या की काउंटरवरचा माणूस नोटा मोजून देतो. नाही दिल्या तर भांडायला तो समोर असतो. मुंबईतला जुना मटका तर उघड बेकायदा, पण आकडा लागला की पैसे मिळत, कारण चिठ्ठी घेणारा गल्लीतलाच आणि उद्या त्याला पुन्हा तिथेच धंदा करायचा. ऑनलाइन कॅसिनोचा परवाना कुरसावसारख्या कॅरिबियन बेटाचा, सर्व्हर दुसऱ्या देशात आणि पैसे घेणारी कंपनी तिसऱ्याच. गल्ली कुठली धरायची?

१९९०च्या दशकात हे कॅसिनो निघाले तेव्हा पैसे भरायला क्रेडिट कार्ड हाच मुख्य मार्ग होता. कार्डाच्या जाळ्यात प्रत्येक धंद्याला चार आकडी क्रमांक असतो, जुगाराचा ७९९५. तो दिसला की कार्ड देणाऱ्या बँकेला व्यवहार अडवता येतो. सुरुवातीला बँका अडवत नव्हत्या. मग १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बाईने कार्डांवर ७० हजार डॉलरहून जास्त रक्कम ऑनलाइन जुगारात घालवली आणि बँकेने वसुलीचा दावा लावल्यावर उलट बँकेवरच दावा ठोकला : जुगाराचं कर्ज बेकायदा, तुम्ही ते दिलंतच कसं? प्रकरण तडजोडीत मिटलं, पण बँकांच्या मनात भीती बसली. २००२ मध्ये सिटीबँकेने न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी करार करून असे व्यवहार अडवायचं कबूल केलं. त्याच वर्षी ‘ईबे’ने ‘पेपाल’ विकत घेतली आणि जुगाराचं काम सोडत असल्याचं जाहीर केलं.

ती जागा ‘नेटेलर’सारख्या ई-वॉलेटने भरून काढली. १९९९ मध्ये कॅनडात सुरू झालेली आणि पुढे आइल ऑफ मॅनला गेलेली ही कंपनी. बँकेतून वॉलेटमध्ये, वॉलेटमधून कॅसिनोत, आणि जिंकलात तर त्याच वाटेने उलट. बँकेला फक्त वॉलेटचं नाव दिसे.

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने जो कायदा केला, त्याची मेख इथेच आहे. बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला तो शेपटासारखा जोडून मंजूर झाला. त्याने खेळणाऱ्याला हात लावला नाही, बेकायदा जुगारासाठी पैसे स्वीकारणाऱ्याला धरलं. जानेवारी २००७ मध्ये नेटेलरच्या दोन संस्थापकांना अटक झाली आणि कंपनीने १३.६ कोटी डॉलर सरकारजमा केले.

वाट बंद झाली म्हणून पैसा थांबला नाही, त्याने वेश बदलला. १५ एप्रिल २०११ला न्यूयॉर्कचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांशी संबंधित ११ जणांवर आरोपपत्र जाहीर केलं. खेळणाऱ्यांकडून आलेले पैसे दागिने किंवा गोल्फचे चेंडू विकणाऱ्या बनावट दुकानांच्या नावाने बँकांतून फिरवले जात होते, असं त्यात म्हटलं होतं. त्यात युटा राज्यातली एक छोटी बँकही होती. आरोपपत्राप्रमाणे हे काम करण्याच्या बदल्यात तिला एक कोटी डॉलरचं भांडवल मिळणार होतं. सर्व प्रकारच्या जुगाराला, अगदी लॉटरीलाही, बंदी असलेलं राज्य म्हणजे युटा!

त्या तिघांतल्या ‘फुल टिल्ट’ची गोष्ट या लेखासाठी सर्वात कामाची. पैसे ओढून आणणारे मध्यस्थ एकेक करून गळाले, तेव्हा कंपनीला अमेरिकी खेळाडूंच्या बँक खात्यांतून पैसे काढता येईनात. तरी तिने त्यांच्या पडद्यावर रक्कम जमा दाखवणं चालूच ठेवलं. कधी न आलेल्या त्या पैशांनी लोक खेळले, हरले, जिंकले. हरणाऱ्याचे पैसे मुळात आलेच नव्हते, त्यामुळे जिंकणाऱ्याच्या आकड्यामागे काहीच नव्हतं. हे भोक जवळजवळ १३ कोटी डॉलरचं होतं. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे मार्च २०११ अखेर कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत होते सुमारे ६ कोटी. पुढे प्रतिस्पर्धी ‘पोकरस्टार्स’ने सरकारशी ७३.१ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातून देणी भागली. पण अमेरिकी खेळाडूंच्या हाती पैसे पडायला २०१४ उजाडलं.

कायदेशीर बाजारातही वसुलीत फट ठेवलेली असतेच. ब्रिटनमध्ये पैसे काढायची विनंती केल्यावर ती काही तास, कधी काही दिवस ‘प्रलंबित’ राहायची आणि शेजारी ती रद्द करून पुन्हा खेळायचं बटण असायचं. रात्री दोन वाजता ते बटण कोण दाबतं, हे कॅसिनोला पक्कं ठाऊक. नियामक आयोगाने ऑक्टोबर २०२१ पासून ते बंद केलं. क्रेडिट कार्डाने जुगार त्याआधीच, १४ एप्रिल २०२० पासून, बंद झाला होता.

बोनस ही दुसरी फट. १,००० रुपये भरा, आणखी १,००० आमच्याकडून. अट एवढीच की बोनसच्या ३५ पट रकमेचा खेळ झाल्याशिवाय काही काढता येणार नाही. म्हणजे ३५,००० रुपयांचे डाव. यंत्र सरासरी ९६ टक्के परत देत असेल तर एवढ्या खेळात सरासरी १,४०० रुपये जातात. हजाराच्या बक्षिसाला चौदाशे मोजायचे.

ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने परत, हा नियम मात्र रास्त आहे. नाहीतर काळा पैसा कार्डाने भरून, चार डाव खेळून, ‘जिंकलो’ म्हणत दुसऱ्याच खात्यात काढता येईल. दुकानातून रोखीने घ्यायच्या व्हाउचरची अडचणही यातूनच येते : भरायला सोयीचं, पण काढायला बहुधा बँक खातं आणि ओळखपत्र लागतंच. क्रिप्टोला हा जाच कमी, पण एकदा गेलेला व्यवहार मागे फिरवणारी बँक तिथे नाही.

आता आपल्याकडचं. २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याचीही पकड पैशावर : असे व्यवहार पार पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या देशी ॲपनी भरणा बंद केला आणि शिल्लक काढायची सोय चालू ठेवली. परदेशी साइटचं काम आधीपासून वेगळंच चालतं. व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ मिळतो, एक क्यूआर कोड येतो, त्यावर भलत्याच माणसाचं नाव. पैसे पाठवा, १२ आकडी यूटीआर क्रमांक कळवा, पॉइंट जमा. उद्या कोड दुसरा, नाव तिसरं. ही भाड्याची खाती. महिन्याच्या काही हजारांसाठी एटीएम कार्ड आणि सिम देऊन बसलेल्या विद्यार्थ्यांची, मजुरांची.

खरी मेख परतीच्या वाटेवर आहे. जिंकलेले पैसे येतात तेही अशाच भाड्याच्या खात्यातून. त्या खात्यात काल कुणा फसवल्या गेलेल्या पेन्शनराची रक्कम पडलेली असू शकते. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत पुढच्या, त्याच्याही पुढच्या खात्यापर्यंत येतात, आणि तिथे आपला ‘विजेता’ सापडतो. त्याचं पगाराचं खातं गोठतं. तक्रार तेलंगणात, खातं सांगलीत. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. आणि पोलीस विचारतात, हे पैसे तुम्हाला कशाबद्दल मिळाले?

(पुढील भाग : खातं गोठवतात म्हणजे नेमकं काय करतात?)