नॉर्टन कमांडो : वाढलेल्या इंजिनाचा हिशेब

ब्रिटिश मोटारसायकल उद्योगातील तीन गाजलेली नावे आज भारतीय उद्योगांच्या हाती आहेत. रॉयल एनफिल्ड आयशरकडे आहे, बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाकडे आले, तर नॉर्टन एप्रिल २०२० मध्ये टीव्हीएस मोटर कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी नवी इंजिने आणली असली, तरी या नावांचा दबदबा निर्माण केला तो जुन्या गाड्यांनी. नॉर्टनच्या बाबतीत हा मान 'कमांडो'ला जातो. १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम दिसलेली ही गाडी 'मोटर सायकल न्यूज' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे सर्वोत्तम ठरवली होती.

या गाडीला आता पन्नासहून अधिक वर्षे उलटली आहेत. जगभरातील शौकीन तिचे इंजिन खोलतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा जोडतात. वरवर पाहता हे एक मोठे, पण नेहमीच्याच धाटणीचे यांत्रिक काम आहे. प्रत्यक्षात मात्र पहिला नट सैल करण्यापूर्वीच एक प्रश्न समोर येतो. हे इंजिन कारखान्यातून निघाले तेव्हा होते तसेच बांधायचे, की कारखान्याने त्यात ठेवलेले दोष दूर करून बांधायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्या इंजिनाचा इतिहास जाणून घ्यावा लागतो.

पाचशेचे झाले आठशे

एडवर्ड टर्नर यांनी १९३७ मध्ये ट्रायम्फची 'स्पीड ट्विन' बाजारात आणली आणि शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाची लाट आली. टर्नर यांच्या हाताखाली काम केलेल्या बर्ट हॉपवुड यांनी पुढे नॉर्टनसाठी असेच इंजिन आखले. १९४८ च्या अखेरीस 'डॉमिनेटर' या नावाने ते लोकांसमोर आले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६६ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला ७२.६ मिलिमीटर आणि क्षमता ४९७ सीसी होती.

पुढची पंचवीस वर्षे हेच इंजिन फुगत गेले. १९५६ मध्ये ते ५९६ सीसीचे झाले, मग ६४६ सीसीचे. १९६२ च्या 'अ‍ॅटलस'मध्ये ते ७४५ सीसीवर पोहोचले. तेच इंजिन कमांडोत आले आणि १९७३ मध्ये ८२८ सीसीचे झाले. या अखेरच्या रूपात सिलिंडरचा व्यास ७७ आणि पल्ला ८९ मिलिमीटर होता. लंडनचे पॉल डन्स्टॉल यांच्यासारखे व्यावसायिक तर त्याआधीच ८१० सीसीचे वाढीव संच विकत होते. अमेरिकी ग्राहकाला अधिक ताकद हवी होती आणि संपूर्ण नवे इंजिन आखण्याएवढा पैसा ब्रिटिश कंपन्यांकडे नव्हता. त्यामुळे आहे त्याच पायावर मजले चढत गेले.

पाया मात्र पाचशेचाच राहिला. क्रँकशाफ्टला आधार होता तो दोन टोकांच्या दोन बेअरिंगचा. मधे, दोन सिलिंडरांच्या दरम्यान, तिसरे बेअरिंग नव्हते. या रचनेत दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, म्हणजे एक पिस्टन दुसऱ्याचा धक्का झेलत नाही. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर ८९ मिलिमीटर पल्ल्याचा पिस्टन सेकंदाला सरासरी जवळपास २१ मीटर वेगाने धावतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा पूर्ण थांबतो. त्याला थांबवणारे आणि पुन्हा पळवणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट झाल्या की बल चौपट. या बलाखाली क्रँकशाफ्ट किंचित, पण निश्चित वाकतो.

रबराने लपवलेले दुखणे

वाढत्या इंजिनाची कंपने असह्य झाली तेव्हा कमांडोत एक नामी तोड काढण्यात आली. डॉ. स्टीफन बावर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांच्या चमूने इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा दांडा एकत्र जोडून हा सारा संच रबरी आधारांवर सांगाड्यात बसवला. 'आयसोलॅस्टिक' नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीमुळे स्वाराचे हात-पाय बधिर होणे थांबले. परंतु रबराने संरक्षण मिळाले ते स्वाराला, क्रँकशाफ्टला नव्हे. स्वाराला आता काहीच जाणवत नसल्याने इंजिन अधिक जोरात पळवले जाऊ लागले.

त्याचा परिणाम १९७२ मध्ये दिसला. त्या वर्षी आलेल्या 'कॉम्बॅट' इंजिनाचे संपीडन गुणोत्तर दहास एक आणि ताकद ६५ अश्वशक्ती होती. त्याची मुख्य बेअरिंग अल्पावधीत निकामी होऊ लागली. कारण साधे होते. बेअरिंगमधील रोलर सरळ दंडगोलाकार होते. क्रँकशाफ्ट वाकला की रोलर तिरपा होई आणि त्याची कड पोलादी कड्यात रुतून तिथला पृष्ठभाग उकरला जाई. उपाय म्हणून टोकांकडे अगदी किंचित उतार दिलेले रोलर असलेली, अधिक भार पेलणारी बेअरिंग बसवण्यात आली. शौकिनांच्या जगात ती 'सुपरब्लेंड' म्हणून ओळखली जातात. क्रँकशाफ्ट वाकणे थांबले नाही. त्याच्या वाकण्याला सामावून घेणारा भाग मात्र मिळाला. पुढच्या वर्षी आलेल्या ८२८ सीसीच्या इंजिनात कंपनीने संपीडन साडेआठास एकपर्यंत खाली आणले, हेही बोलके आहे.

आज १९७२ पूर्वीचे इंजिन बांधताना मूळ प्रकारचीच बेअरिंग बसवण्याचा हट्ट क्वचितच कोणी धरतो. ही बेअरिंग बसवताना अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस तापवावा लागतो. तो पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि बेअरिंग सहज आपल्या जागी उतरते. गार क्रँककेसमध्ये हातोडीने ठोकलेले बेअरिंग आपली बैठक कायमची खराब करते. क्रँककेसचे दोन अर्धभाग कारखान्यात जोडीने तासलेले असतात. म्हणूनच एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा भाग जुळवून काम भागवता येत नाही.

गाळाचा सापळा

सर्वाधिक धोका दडलेला असतो तो न दिसणाऱ्या जागी. नॉर्टनचा क्रँकशाफ्ट तीन भागांचा आहे : दोन बाजूंना पोलादी अर्धभाग आणि मधे त्यांना बोल्टने जोडलेले फ्लायव्हील. ऑइल क्रँकशाफ्टच्या एका टोकातून आत शिरते, पोकळीतून फिरते आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. फिरत्या पोकळीत ऑइलमधील जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात आणि तिथेच साचतात. दुधावरची साय वेगळी काढणाऱ्या यंत्राचेच हे तत्त्व. सुरुवातीच्या कमांडोंना तर बदलता येणारा ऑइल फिल्टरही नव्हता. तो १९७२ च्या गाड्यांपासून आला. पन्नास वर्षांचा हा गाळ घट्ट होऊन बसतो आणि एके दिवशी ऑइलची वाट बुजवतो.

त्यामुळे क्रँकशाफ्टचे तीनही भाग वेगळे करून आतील पोकळी स्वच्छ करणे, ही या कामातील टाळता न येणारी पायरी आहे. बाहेरून चकाकणारा आणि हाताने मोकळा फिरणारा क्रँकशाफ्ट पाहून ती टाळण्याचा मोह होतो. ऑइल न मिळाल्यास कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळते, रॉड तुटतो आणि क्रँककेस फोडून बाहेर येतो. मग दुरुस्त करण्याजोगे फारसे काही उरत नाही.

कनेक्टिंग रॉडचीही वेगळी कथा आहे. ते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा पडला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. प्रत्येक फेरी त्याच्या आयुष्यातून काही ना काही वजा करते. ज्या इंजिनाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्यातील रॉड तडे तपासल्याशिवाय परत बसवू नयेत आणि त्यांचे बोल्ट व नट तर नवेच घ्यावेत, हा नियम त्यातूनच आला. क्रँकशाफ्ट ग्राइंड करतानाही जिथे गोल भाग कडेला मिळतो तिथली वळणदार गोलाई राखावी लागते. तिथे धारदार कोपरा राहिला, तर चीर पडण्यास तीच जागा पुरते.

ऑइलच्या प्रवासातील आणखी एक जागा अनेकदा नजरेतून सुटते. टायमिंग कव्हरमध्ये क्रँकशाफ्टच्या टोकाभोवती एक लहानशी रबरी सील असते. पंपाने ढकललेले ऑइल क्रँकशाफ्टमध्ये जाण्याऐवजी बाजूने निसटू नये, एवढेच तिचे काम. किमतीने नगण्य असलेली ही सील जुनीच राहिली, तर नव्या बेअरिंगवर केलेला सारा खर्च वाया जाऊ शकतो.

थाऊचे गणित

सिलिंडरचे काम मापांचे असते. यंत्रशाळेत 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये सुमारे ०.०२५. बिडाचा सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबून परत फिरते, तिथे झीज सर्वाधिक असते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन काटकोनी दिशांनी माप घेतले जाते. झीज मर्यादेपलीकडे गेली असल्यास सिलिंडर दहा थाऊंच्या टप्प्यांनी मोठा केला जातो. वीस थाऊंनी बोअर केलेल्या ७४५ सीसीच्या इंजिनाची क्षमता साधारण ७५५ सीसी होते. ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, परंतु पुढच्या दुरुस्तीसाठी शिल्लक असलेला धातू तेवढा कमी होतो. त्यामुळे शक्य तितका लहान टप्पा निवडणेच शहाणपणाचे.

आधी पिस्टन हातात घ्यायचा आणि मग त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करायचा, हा क्रम कधी उलटा करू नये. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो आणि हवेने गार होणाऱ्या इंजिनात तापमान बरेच वरखाली होते. दोहोंमधील फट कमी ठेवली तर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर तो खडखडतो आणि ऑइल जळते.

वरच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह, त्यांचे गाइड आणि बैठका तपासाव्या लागतातच. शिवाय सायलेन्सरचा पाइप जिथे कड्याने आवळला जातो, तिथले अ‍ॅल्युमिनियमचे आटे बहुतेक जुन्या कमांडोंमध्ये गेलेले असतात. तिथे नवी आतली चूड बसवून आटे पाडावे लागतात. आट्यांचा गोंधळ तर या गाडीत जागोजागी आहे. काही आटे ५५ अंशांच्या जुन्या व्हिटवर्थ पद्धतीचे, तर काही ६० अंशांच्या नव्या पद्धतीचे. दिसायला सारखे, पण एकमेकांशी न जुळणारे. चुकीचा बोल्ट जोर लावून आवळला, तर तो आत जातोही. मात्र जाताना आटे घेऊन जातो.

काय बदलावे, काय राखावे

बेअरिंग, फिल्टर आणि सील यांबाबत फारसे दुमत नाही. प्रज्वलनाबाबतही बहुतेकांचे एकमत आहे. मूळ रचनेत ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी वजने आणि स्प्रिंग झिजून अडकत. ठिणगी अवेळी पडली की पिस्टन जळे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवून पूर्ण वेगात ती पिस्टन शिखरावर पोहोचण्याच्या २८ अंश आधी पडेल, अशी जुळणी केली जाते. बाहेरून गाडी तशीच दिसते.

वादाचा मुद्दा निराळाच आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास टाकीतील ऑइल पंपातून झिरपत इंजिनाच्या तळाशी उतरते. ते रोखण्यासाठी काही जण ऑइलच्या नळीत तोटी बसवतात. पण ती उघडण्यास एकदा जरी विसर पडला, तरी नवे बांधलेले इंजिन काही मिनिटांत जाम होते. झिरपणाऱ्या ऑइलचा त्रास हा धोका पत्करण्याएवढा मोठा आहे का, याचा निर्णय ज्याने-त्याने घ्यायचा आहे. पंपच दुरुस्त करून घेणे हा खर्चिक, पण निर्धोक मार्ग होय.

ताकद वाढवण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. ७४५ सीसीच्या इंजिनाला ८२८ सीसीचा सिलिंडर जोडू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की कंपनीने त्या वाढीसोबत सिलिंडर लांब बोल्टने आवळण्याची नवी पद्धत आणि मजबूत क्रँककेसही दिला होता. पाया तोच ठेवून मजला चढवण्याची किंमत कॉम्बॅटने दाखवून दिलेली आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर घाई करून चालत नाही. प्लग काढून किक मारत राहायचे, टाकीत ऑइलची परतधार दिसेपर्यंत. मगच इंजिन सुरू करायचे. ते तापून पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि टॅपेटची फट पुन्हा मोजायची. साध्या कॅमशाफ्टच्या ७४५ सीसी इंजिनात ती इनलेटला सहा आणि एक्झॉस्टला आठ थाऊ असते. पहिल्या काही शे मैलांत इंजिन फार ओढायचे नाही, पण उगाच जागेवर फडफडत ठेवायचेही नाही. रिंगा सिलिंडरशी जुळतात त्या मध्यम, बदलत्या भाराखाली.

काळजीपूर्वक बांधलेली कमांडो आजही दिवसभराचा प्रवास बिनतक्रार करते. तिच्यातील दोन बेअरिंगवरचा क्रँकशाफ्ट आजही वाकतो, पिस्टन आजही एकत्रच धावतात. फरक इतकाच, की इंजिन बांधणाऱ्याला आता ते ठाऊक असते आणि त्याने प्रत्येक भाग ते धरूनच बसवलेला असतो.